पातेले दगडाच्या अलीकडे होते

‘त्यांच्यासाठी सीमा नव्हत्याच’ हे वाक्य आमच्या डॉक्टरांविषयी गेल्या वर्षभरात मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की त्याचा प्रतिवाद लिहून काढल्यावाचून आता गत्यंतर उरलेले नाही. शोकसभेत ते इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी उच्चारले. लंडनहून कॅमेरा घेऊन आलेल्या एका तरुणाने ते माझ्याच तोंडून वदवून घेण्याचा प्रयत्न केला. आणि लेस्टरमध्ये, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या सभागृहात त्यांच्यावरचे जे प्रदर्शन भरायचे होते, त्याच्या दर्शनी भिंतीवर ते हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवले गेले. हेतू सर्वांचाच चांगला होता. विधान मात्र साफ चुकीचे आहे. सीमेला त्यांच्याइतका मानणारा आणि तिला त्यांच्याइतका घाबरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी बोलतो आहे ते ऐकीव नव्हे. लेस्टरच्या रुग्णालयात आम्ही दोघांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. ते भूल देणारे, मी पॅथॉलॉजीत. ते मूळचे नागपूरचे, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, उंच, काटकुळे, आणि बारमाही टाय बांधणारे. माणसांना नावाने हाक मारण्याची त्यांना सवय नव्हती. ते खात्याच्या नावाने बोलावीत. ‘काय रेडिओलॉजी, जेवलात?’ ‘या, पॅथॉलॉजी, बसा.’ निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी बाजारात भेटले तरी मी पॅथॉलॉजीच होतो. ते एकटे राहत. घराबाहेर पडताना कुलूप ओढून पाहत, फाटकापर्यंत जात, परत येऊन पुन्हा ओढून पाहत. असा हा माणूस दर ऑगस्टात एका जुन्या बेकरी व्हॅनमध्ये ॲल्युमिनियमची मोठमोठी पातेली भरून, रंगीत केसांच्या पोरापोरींबरोबर युरोपभर हिंडत असे, हे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला हसलो असतो. पण ते खरे आहे.

त्याची सुरुवातही लोक भलतीच सांगतात. मंडळाच्या स्मरणिकेत लिहिले आहे की शाकाहाराचा आणि आपल्या संस्कृतीचा प्रसार करण्यासाठी ते गेले. हे गृहस्थ रुग्णालयाच्या कँटीनमध्ये दर गुरुवारी कांद्यात परतलेले लिव्हर चवीने खात, हे स्मरणिकेला ठाऊक नसावे. घडले ते असे. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आलेला एक पोरगा भुलीतून शुद्धीवर येताच ‘माझे स्पीकर कुठे आहेत?’ असे विचारू लागला. हा पोरगा आणि त्याचे मित्र उघड्या माळावर स्पीकरच्या भिंती उभ्या करीत आणि दोन-दोन दिवस नाचत. तिकीट नाही, मालक नाही, परवानगी नाही. डॉक्टर कुतूहलापोटी एकदा पाहायला गेले आणि संतापून परतले. संगीताचा संताप नव्हता. ‘दोन दिवस नाचतात आणि चिप्स खातात, पॅथॉलॉजी. पाणीसुद्धा पीत नाहीत.’ पुढच्या आठवड्यात त्यांनी लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या एका गुजराती आचाऱ्याकडून जुनी पातेली विकत घेतली. खिचडीच निवडली, कारण ती एका भांड्यात होते आणि बिघडलेल्या पोटाला सोसते. यापलीकडे तिच्यात संस्कृती शोधू नये.

त्यांच्या पंक्तीचा एक नियम होता. ताट पुढे करणाऱ्याचे मनगट ते आधी हातात घेत. नाडी पाहत, डोळ्यांत पाहत, साखर-मिठाचे पाणी समोर पिऊन दाखवायला लावीत आणि मगच डावाने खिचडी वाढीत. कोणी काय सेवन केले आहे, हे ते विचारीत नसत. बोटांना कळत असे. ‘आठवडाभर मी लोकांना झोपवतो,’ ते म्हणत, ‘सुट्टीत जागणाऱ्यांची व्यवस्था पाहतो. धंदा एकच.’

पुढे इंग्लंडात या जमावांविरुद्ध कायदा कडक झाला, आणि पोरांनी आपले स्पीकर समुद्रापलीकडे नेले. कॅलेचे बंदर ओलांडले की त्यांना रस्ता मोकळा होता. फ्रान्सचे माळ, बेल्जियमच्या बंद पडलेल्या खाणी, स्पेनमधली ओसाड गावे. इंग्लिश, बेल्जियन, इटालियन, पुढे पोलिश. सगळ्यांची मिळून एक मोडकी इंग्रजी. कोण कुठला, हे कोणी विचारीत नसे. पुढचा माळ कुठला, एवढेच विचारीत. मी या प्रकाराला कित्येक वर्षे टवाळखोरी म्हणत आलो. आज एवढे कबूल करतो की ‘आम्ही युरोपियन’ हा शब्द मी राजकारण्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकला, पण तो खरा वाटला तो खिचडीच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या पोरांच्या तोंडून. तो त्यांना कोणी शिकवला नव्हता. रस्ते उघडे होते, आणि उघड्या रस्त्यांवर एकमेकांच्या शिव्या, पाव आणि गाड्यांचे बिघाड शिकत तो आपोआप तयार झाला होता.

फक्त एका माणसाला रस्ता उघडा नव्हता. तो म्हणजे खिचडी वाढणारा.

डॉक्टरांनी भारतीय पासपोर्ट सोडून ब्रिटिश कधीच घेतला नाही. ते देशप्रेम होते असे मंडळ म्हणते. मला त्यांनी दिलेले कारण निराळे होते: ‘रांग लहान व्हावी म्हणून शपथ घ्यायची नसते.’ तेव्हा दर वसंतात सूट घालून, बँकेचे आणि नोकरीचे कागद घेऊन ते लंडनला व्हिसासाठी जात. पोरांचे पासपोर्ट जीन्सच्या मागच्या खिशात चुरगळत. डॉक्टरांचा प्लास्टिकच्या पिशवीत, शर्टाच्या आत, छातीशी असे. खिचडी ढवळताना मधूनच त्यांचा डावा हात तिथे जाई, चाचपून येई. मी ज्या एका उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर गेलो, त्यात मला सर्वांत अस्वस्थ कशाने केले असेल, तर त्या हाताने.

आणि चौक्यांनी. फ्रान्स-बेल्जियमच्या जुन्या रस्त्यांवर रिकाम्या चौक्या अजून उभ्या होत्या. काचा फुटलेल्या, आत पालापाचोळा. अशी प्रत्येक चौकी आली की डॉक्टर व्हॅन थांबवीत. कोट घालीत, उतरत, खिडकीसमोर जाऊन व्हिसाचे पान उघडून पासपोर्ट आत धरीत, आणि उभे राहत. वारा सोडला तर काही हलत नसे. मग पासपोर्ट मिटून ‘थँक यू’ म्हणत आणि परत येत. पोरांना हा प्रकार इतका आवडला की ती त्यांच्यामागे रांग लावू लागली. कोणी लायब्ररीचे कार्ड दाखवी, कोणी बिअरच्या बाटलीचे लेबल. त्या कॅमेरावाल्या तरुणाकडे याचे छायाचित्र आहे. ‘सीमेची काय सुंदर थट्टा आहे ही,’ तो मला म्हणाला. मी त्याला सांगितले की रांगेत थट्टा जरूर होती. ती दुसऱ्या क्रमांकापासून सुरू होत होती.

मी डॉक्टरांना विचारले होते.

“हे तुम्ही कशासाठी करता?”

“आत कुणी असलं तर?”

“कुणी नाही, डॉक्टर. दिसतंय ना.”

“आज नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

आता ज्या घटनेवरून ही सगळी दंतकथा उभी राहिली, तिच्याकडे येतो. मी बरोबर होतो त्या वर्षी बव्हेरियाच्या जंगलालगत एका शेतात स्पीकर लागले होते. पोलीस आले, सभ्यपणे बोलले आणि निघून जा म्हणाले. पोरांनी एकमताने ठरवले की जंगलातल्या वाटेने पलीकडच्या कुरणात जायचे. पलीकडे म्हणजे चेकियात. तो देश युरोपीय संघात आलेला होता, पण सामायिक व्हिसाच्या वर्तुळात अजून आलेला नव्हता. पोरांपैकी कोणाच्या हे ध्यानीमनीही नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. त्यांना खिशातला पासपोर्ट किंवा ओळखपत्र पुरत होते. त्या वाटेवर गुडघाभर उंचीचा पांढरा दगड होता, एका अंगाला एका देशाचे अक्षर, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचे. डॉक्टरांनी दगड पाहिला आणि व्हॅन त्याच्या अलीकडेच उभी केली.

एका बेल्जियन पोराने पुष्कळ विनवले. “डॉक, झाडं तीच आहेत.”

“झाडांना कुणी विचारत नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि पातेले उतरवून त्यांनी शेगडी पेटवली.

पातेले दगडाच्या अलीकडे होते. हे मी मुद्दाम पुन्हा लिहितो. पोरे पलीकडून ताटे घेऊन येत आणि जेवून परत जात. प्रदर्शनात जे मोठे छायाचित्र लावले आहे, त्यात ती रांग दिसते, टाय बांधलेले डॉक्टर दिसतात, पण दगड एका पोराच्या पायांआड गेला आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की या माणसाने सीमेवरच पंगत मांडून सीमा पुसून टाकली. पोरांनाही तसेच वाटत होते. ती त्या जागेला ‘बॉर्डर रेस्टॉरंट’ म्हणत. शेगडीशेजारी मी उभा होतो. दर थोड्या वेळाने तो डावा हात छातीशी जात होता, हे मी पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होते. दुपारी रांग संपत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “हिरवे केस आले नाहीत.” हिरवे केस म्हणजे मग्दा, पोलंडहून आलेली, लेस्टरच्या सँडविच कारखान्यात राबून कॉलेजची फी भरणारी मुलगी. एवढ्या मनगटांतून एक मनगट आले नव्हते, हे त्यांच्या ध्यानात होते. त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला विचारले. कोणी म्हणाले झोपली असेल. डाव पातेल्यात तसाच ठेवून ते रस्त्याकडे पाहत उभे राहिले. तेवढ्यात बेल्जियन पोरगा धावत आला: ती स्पीकरच्या मागे पडली आहे, हाका मारून उठत नाही.

डॉक्टरांनी बॅग उचलली आणि ते धावले. वयाच्या मानाने फार वेगाने धावले. मी मागून धावत होतो, आणि मी त्यांच्या पाठीवर आदळलो, कारण ते दगडापाशी थांबले होते.

एक हात बॅगेवर, दुसरा छातीवर. झाडांतून ती मुलगी दिसत होती, भोवती घोळका दिसत होता. डॉक्टरांचा चेहरा मी रुग्णालयात असंख्य वेळा पाहिला होता. तो चेहरा हा नव्हता.

“मला जाता येत नाही,” ते मराठीत म्हणाले. आणि मग लगेच, नेहमीच्या आवाजात: “पॅथॉलॉजी, तुम्ही जा. कुशीवर वळवा. हनुवटी वर धरा. इकडे आणा.”

मी गेलो. मी ब्रिटिश नागरिक होतो. पासपोर्ट व्हॅनमध्ये कोटाच्या खिशात होता, आणि तो आपल्याजवळ नाही हे मला तेव्हा आठवलेही नाही. ज्याच्यासाठी सीमा नसते, त्याला तिची आठवणही होत नाही. यात माझे शौर्य कोणी शोधू नये. चार पोरांनी ताडपत्रीवर तिला उचलले. मी हनुवटी धरून बरोबर चालत होतो. वाटेत तिचा श्वास घरघरला आणि अडला. माझा पेशा ज्यांचा श्वास थांबलेला आहे अशांचा. जिवंत माणसाचा अडलेला श्वास मोकळा करण्याची सवय माझ्या बोटांना नव्हती. दगडापासून डॉक्टर ओरडत होते: ‘जबडा पुढे. भिऊ नका. जबडा पुढे.’ मी जबडा पुढे ओढला. श्वास आला. ताडपत्री दगडाच्या या बाजूला आली, आणि डॉक्टरांच्या हातांनी तिला माझ्या हातांतून काढून घेतले. त्या क्षणापासून अँब्युलन्स येईपर्यंत त्यांचा हात छातीकडे गेला नाही.

दोन दिवसांनी मग्दा जर्मन रुग्णालयातून हसत बाहेर आली. पोरांनी तिला सांगितले, ‘डॉक धावत तुझ्याकडे आले.’ ते खोटेही नव्हते. तिने त्यातून जे समजायचे ते समजून घेतले. पुढे शिकून ती याच शहरात संग्रहालयाच्या कामाला लागली, आणि दर उन्हाळ्यात स्वतः भाजलेला चीजकेक घेऊन डॉक्टरांकडे येत राहिली. डॉक्टर तिच्यासमोर एक घास खात आणि बशी बाजूला ठेवीत. तिला वाटे, त्यांना संकोच होतो.

सबबी मीच त्यांना पुष्कळ पुरवल्या. औषधे व्हॅनपाशी होती, अँब्युलन्सचा रस्ता अलीकडे होता, तिला इकडे आणणेच शहाणपणाचे होते. वैद्यकीयदृष्ट्या यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. ते ऐकून घेत आणि म्हणत, “कारणं नंतर सापडली, पॅथॉलॉजी. पाय आधी थांबले.”

मग या देशात युरोपीय संघातून बाहेर पडण्याचे ते मतदान झाले. व्हॅनमधली ती पोरे आता चाळिशीकडे झुकलेली, मुलाबाळांची झालेली. ती एकेक करून डॉक्टरांना फोन करू लागली. कोणी रडत होते. आता युरोपात किती दिवस राहिलो ते मोजावे लागणार, शिक्के लागणार, बोटांचे ठसे द्यावे लागणार. डॉक्टर प्रत्येकाला एकच सांगत: ‘या. माझ्या रांगेत स्वागत आहे.’ कॅमेरावाल्याने याला उपहास म्हटले आहे. त्याने त्यांचा आवाज ऐकलेला नाही. तो उपहासाचा नव्हता. आपल्या खोलीत आणखी माणसे कोंडली जाताना पाहणाऱ्याचा होता.

शेवटच्या आजारात मी रोज जात असे. एके दुपारी ते म्हणाले, “मग्दाला सांगा.”

“तुम्हीच सांगा ना. ती रविवारी येणार आहे.”

“माझ्याच्यानं नाही होत. माझ्यामागे सांगा.” मग किंचित हसले. “शवविच्छेदन तसंही तुमच्याच खात्याकडे असतं.”

रविवारी ती येण्याआधीच ते गेले.

मी सांगितले नाही. सांगणार होतो, योग्य वेळ पाहत होतो, आणि माझ्या वयाच्या माणसाने योग्य वेळ पाहत बसणे हा मूर्खपणा आहे हे कळत असूनही पाहत होतो. तिने प्रदर्शनाचे काम हाती घेतले, आणि माझी झोप उडाली. सीमेपलीकडे धावणाऱ्या त्या माणसावर तिने स्वतःचे सगळे आयुष्य उभे केले होते. या शहरात राहणे, हे काम, स्वतःला युरोपियन म्हणवून घेणे. तो खांब मी काढून घ्यायचा होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिने मला मजकूर तपासायला बोलावले. जमिनीवर पांढरा पट्टा रंगवला होता, ती सीमा. आणि पट्ट्यावर, बरोबर मधोमध, डॉक्टरांचे पातेले ठेवले होते. तिचे केस आता साधे तपकिरी, कानांवर थोडे पांढरे. मी वाचायला खिशातून चष्मा काढला, आणि तो न लावताच सगळे सांगितले.

तिने माझ्या हातातला मजकूर काढून घेतला. मग म्हणाली, “पण ते धावत आले होते.”

“धावत आले. दगडापर्यंत.”

“मी किती लांब होते?”

“हाकेच्या अंतरावर. त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.”

“आणि इतकी वर्षं ते माझा केक खात होते.” आवाज चढला होता. मी काय तपासायला आलो आणि काय सांगून बसलो, हे उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच सुचायचे होते का, असे तिने मला बरेच सुनावले. ते मी ऐकून घेतले.

मग ती पट्ट्याकडे पाहत म्हणाली, “ओलांडला असता तर काय झालं असतं त्यांचं?”

“बहुधा काहीच नाही.”

“बहुधा,” ती म्हणाली.

तिने मला मग एक सांगितले, जे मला ठाऊक नव्हते. त्या मतदानानंतर तिच्या इथे राहण्याच्या हक्काचा पुरावा फक्त फोनच्या पडद्यावर असतो. हातात धरता येईल असे काही नाही. आईचे अंत्यविधी करून ती पोलंडहून परत आली तेव्हा विमानतळावर तिची नोंदच सापडेना. अधिकारी सभ्य होता. बाजूला बसा, बहुधा काहीच नाही, असे म्हणाला. ती एका खुर्चीवर फोन छातीशी धरून बसून राहिली. नोंद सापडली, तो हसला, ती घरी आली. तेव्हापासून विमानात चढण्याआधी ती फोनवरची नोंद पुन्हा पुन्हा उघडून पाहते.

एवढे सांगून ती वाकली आणि पातेल्याला हात घातला. ते जड होते. मी दुसरी बाजू धरली. माझ्या वयात हे करू नये, पण धरली. फरशीवर कर्कश आवाज करीत ते पट्ट्यावरून सरकले, अलीकडे आले, आणि पुरते अलीकडे आल्यावर ती थांबली. मग तिने रंगाचा डबा मागवला आणि दर्शनी भिंतीवरचे ते वाक्य पांढरे करून टाकले.

दुसऱ्या दिवशी गर्दी चांगली झाली. मंडळाचे अध्यक्ष आले होते. माणूस उत्साही आणि मदतीला तत्पर. त्यांनी पातेले पाहिले, पट्टा पाहिला आणि कुणाच्या तरी हातून चूक झाली आहे असे समजून बाह्या सावरल्या. “मॅडम, हे लाइनवर घेऊ या ना,” ते इंग्रजीत म्हणाले, “फोटोत मधोमध छान येईल.” आणि ते वाकले.

मग्दाने त्यांचे मनगट धरले. नाडी पाहायला धरतात तसे, आतल्या बाजूने, दोन बोटांनी.

“राहू द्या,” ती म्हणाली. “ते तिथेच होतं.”